टोळीचं तेल आणि धुण्याचं यंत्र

नागभीडच्या धानगिरणीत मी इंजन चालवायचो, तेव्हा माझ्याबद्दलच्या दोन गोष्टी गावभर ठाऊक होत्या. एक, बंद पडलेलं इंजन माझ्या हाताखाली आलं की ते सहसा बंद राहत नसे. दुसरी, इंजनाच्या आधी माझं डोकं तापायचं. गिरणीतले हमाल म्हणायचे, "मिस्त्रीचा पाना कमी अन् तोंड जास्त चालते." त्यात खोटं काही नव्हतं. आता दातही पडले आणि तोंडही बसलं, म्हणून ही गोष्ट सांगायची हिंमत होते आहे. हिच्यात माझी शोभा फारशी नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गडचिरोली, भामरागड, सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता. माझी मोठी बहीण नागभीडच्या दवाखान्यात कपडे धुवायची. तिला मी बाई म्हणायचो. तिचा नवरा भाताच्या बांधीत साप चावून गेला, तेव्हापासून ती या कामावर होती. कामाबरोबर दवाखान्यामागची एक खोली तिला मिळाली होती. तेवढंच तिचं घर. मी झोपायला गिरणीत आणि जेवायला तिच्याकडे.

त्या वर्षी दवाखान्यात नागपूरहून नवी डॉक्टरीण आली. कामाला वाघ होती. बाळंतपणाच्या चार खाटा होत्या, त्या तिने भांडून दहा करवून घेतल्या. खाटा वाढल्या तशा चादरी वाढल्या, लंगोटं वाढली, रक्ताने भरलेली फडकी वाढली. धुणारे हात मात्र दोनच राहिले. सोड्याच्या पाण्याने बाईच्या बोटांना भेगा पडल्या, भाकर थापताना ती दात दाबून धरायची. तरी दुपारी खाटेवर चादर नसायची.

एक दिवस डॉक्टरिणीने तिला बोलावून सरळ सांगितलं, "पौषात चांद्याहून मोठे डॉक्टर पाहणीला येणार आहेत. तोपर्यंत चादरींचं जमलं नाही, तर धुणं ठेकेदाराला द्यावं लागेल. गाठोडी गाडीने ब्रह्मपुरीला जातील. मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही." काम गेलं की खोलीही जाणार, हे तिने बोलून दाखवलं नाही. ते आम्हाला कळत होतं.

बाई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र दोन भाकरी जास्त खाल्ल्या, कारण माझ्या डोक्यात यंत्र शिरलं होतं.

ते यंत्र मी आधी पाहिलेलं होतं. नागभीडपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका लाकूड-ठेकेदाराचा डेपो होता. जवळच्या बंगल्यातला गोरा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याचं उरलंसुरलं सामान त्या डेपोत येऊन पडलं होतं. त्यात चार पायांचं एक गोल पिंप होतं. वरून झाकण, आत तीन पात्यांचा पंखा, कडेला कपडे पिळायचे दोन रूळ आणि पिंपाच्या पोटाखाली पायाने लाथ मारून सुरू करायचं पेट्रोलचं छोटं इंजन. मडमेचे कपडे त्यात धुतले जायचे म्हणे. मी पाहिलं तेव्हा त्यात डेपोच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

डेपोचा पाण्याचा पंप मी दुरुस्त करून दिला आणि मोबदल्यात ते यंत्र मागितलं. मुनीम हसला. "घेऊन जा भाऊ, पर कोंबड्यायले इचारून घ्या." बैलबंडीवर घालून, खाली भाताच्या तणसाची गादी देऊन मी ते आणलं आणि दवाखान्याच्या मागच्या अंगणात उतरवलं. बाई दारात उभी होती. तिने झाकण उघडून आत पाहिलं, नाकाला पदर लावला आणि विचारलं, "हे काय आणलं गा?"

"तुये हात," मी म्हणालो. फार मोठं वाक्य बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

ती म्हणाली, "माह्ये हात हायेत अजून. मी काय म्हणून राह्यली होती, आयक..."

"मंग सांगजो," म्हणत मी बाह्या वर केल्या.

दसरा झाला होता. दुपारी गिरणी थोडा वेळ बंद असायची, तेवढा वेळ माझा. आठ दिवस मी नुसता गंज खरवडला आणि घासलेटात भिजवत बसलो. पिंपाच्या बुडाला रुपयाएवढं भोक होतं, ते कल्हईवाल्याकडून झाळून घेतलं. रुळांवरचं रबर बिस्किटासारखं तुकडे होऊन पडलं, म्हणून सुताराकडून शिवणीच्या लाकडाचे रूळ करवले. ते लाकूड पाण्यात वेडंवाकडं होत नाही. मोटारसर्व्हिसच्या ड्रायव्हरकडून जुना प्लग आणला. पंखा अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे फिरतो, त्याचे दाते पिंपाखालच्या एका बंद डबीत होते. डबीतलं जुनं वंगण डांबरासारखं सुकलं होतं. ते मी खिळ्याने उकरून काढलं.

इंजन पहिल्यांदा बोललं तेव्हा बाळंतिणी खाटेवर उठून बसल्या. डॉक्टरीण धावत बाहेर आली, तिने पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी हवेत होतो. पिंपात उकळतं पाणी घातलं, साबण घातला, पाच चादरी घातल्या. इंजन पंख्याला जोडणारा खटका पुढे केला, पंखा फिरायला लागला, फेस वर आला. दहा-पंधरा मिनिटांनी बाईने झाकण उघडलं आणि एक चादर उचलून माझ्यासमोर धरली.

चादरीवर काळे डाग होते. डबीत मी गिरणीच्या इंजनाचं तेल भरलं होतं. पंख्याच्या दांड्याजवळचा चामड्याचा वायसर नवा असूनही पाझरत होता आणि ते काळं तेल पिंपात चढत होतं. वायसर दोनदा बदलला. डाग कमी झाले, गेले नाहीत. बाळंतिणीच्या चादरीवर काळा डाग चालत नाही. डॉक्टरिणीचं हसू आटलं. बाईने त्या पाच चादरी पुन्हा हाताने धुतल्या. भेगांतून रक्त येत होतं आणि मी बाजूला उभा राहून चांभाराला शिव्या घालत होतो. चांभाराचा काही दोष नव्हता.

तीन दिवस झोप लागली नाही. मग सुचलं. पाझरायचंच असेल, तर डाग न पडणारं तेल पाझरू दे. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोळी म्हणतात. टोळीचं तेल पिवळं, स्वच्छ. आमच्या भागात त्यात तळतात, दिव्यात घालतात, त्याचा साबणही होतो. चादरीला लागलं तरी साबणाबरोबर निघून जाणार. घाण्यावरून तेल आणलं, डबी धुऊन काठोकाठ भरली. बाई चुलीपाशी बसून बघत होती. तिने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं. पण काही म्हणायचं असेल तर म्हणेलच ना, असा विचार करून मी झाकणाचे इस्क्रू आवळले.

आणि यंत्र चाललं. काय चाललं! चादरी बगळ्यासारख्या निघाल्या. डाग नाही, ठिपका नाही. रोज दुपारी, अंगणात ऊन भरलेलं असताना, मी येऊन लाथ मारायचो, तास-दीड तास यंत्र चालवायचो आणि गिरणीत पळायचो. बाईने एकदा खटक्याला हात लावला तर मी तिचा हात बाजूला केला. "राहू दे, तुयाच्यानं नाई होणार. लाथ जोरात बसावी लागते."

"तू नसला तं?"

"मी हावो ना."

ती गप्प बसली. माझी बहीण गप्प बसली की मी समजायचो, तिला पटलं. चाळिशी येईपर्यंत मला हे समजलं नाही की गप्प बसणं हे तिचं भांडण होतं.

पौष लागला. धानाचा हंगाम भरात, दुपारचा तेवढा वेळ सोडला तर गिरणी दिवसभर चालू. मोठे डॉक्टर सोमवारी सकाळच्या गाडीने उतरणार, असा निरोप आला. मी मालकाकडून सकाळची सुट्टी मागून घेतली. त्यासाठीही भांडलोच. थंडी अशी पडली होती की बंड्या हाकणारे अंगावर पोतं पांघरून बसत. मी स्वेटर घातला, केसांना पाणी लावलं आणि उजाडता उजाडता अंगणात हजर झालो. बाईने भट्टी पेटवली होती. पाणी उकळत होतं. रात्रीच्या तीन बाळंतपणांच्या चादरी ढिगात पडल्या होत्या.

"आधी एकदा चालवून पाहू," असं कोणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो नाही. यंत्र दोन महिने बिनतक्रार चाललं होतं, मला कशाची भीती?

मोठे डॉक्टर आठच्या सुमाराला आले. उंच, अंगात गरम कोट, बरोबर एक कारकून. वॉर्ड पाहिले, औषधांची खोली पाहिली आणि शेवटी डॉक्टरीण त्यांना मागे घेऊन आली. दवाखान्याचा सगळा नोकरवर्ग मागोमाग. दोन-चार हमाल मला पाहायला गिरणीतून आले होते, कुंपणापलीकडे उभे.

मी लाथ मारली. इंजन पहिल्याच लाथेत लागलं. लोकांत 'अरे वा' झालं. मी मोठ्या ऐटीत खटका पुढे केला.

इंजन गचका खाऊन बंद पडलं.

असं होतं कधीकधी, असा चेहरा करून मी पुन्हा लाथ मारली. लागलं. खटका केला, बंद. पेट्रोल वाढवून पाहिलं. बंद. पिंपातल्या चादरी कमी केल्या. बंद. खटका न लावता इंजन छान घुरघुरायचं, लावला की गळा दाबल्यासारखं मरायचं. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. कारकून वहीत काहीतरी लिहायला लागला. डॉक्टरीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "कालपर्यंत चालत होतं, सर."

कुंपणापलीकडून आवाज आला, "मिस्त्री, अंडी पाहा आतमंधी."

लोक हसले. माझ्या कानशिलात आग लागली. मी लाथांमागून लाथा घालायला लागलो. आता त्या इंजन सुरू करायच्या लाथा राहिल्या नव्हत्या, नुसत्या लाथा होत्या. घाम डोळ्यांत जात होता, थंडीत. डबीतला दाता तुटला असणार, हे मी मनात ठरवून टाकलं. दाता तुटला म्हणजे आज काही नाही, उद्या काही नाही, गाठोडी ब्रह्मपुरीला आणि बाई रस्त्यावर. हे मी केलं, एवढं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. तिच्या डोक्यावरचं छप्पर मी या डब्यापायी पणाला लावलं होतं, तिला न विचारता.

मोठे डॉक्टर वळले. "ठीक आहे. ठेकेदाराचं पाहून घ्या."

तेव्हा बाई बोलली. आवाज मोठा नव्हता.

"तेल थिजलं असन."

मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"टोळीचं तेल हाय ना आत. हिवाळ्यात थिजते ते. घरी आपण शिशी चुलीपाशी नाई ठेवत का?"

मी चुलीपाशी कधी गेलो होतो? आमच्या भागातल्या शेंबड्या पोरीलाही जे माहीत असतं, ते मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते स्वयंपाकातलं. माझ्या डोक्यात टोळीचं तेल कढईत थिजायचं, यंत्रात थिजत नव्हतं. दुपारच्या उन्हात तापलेलं यंत्र मी रोज चालवत होतो आणि त्यालाच कारागिरी समजत होतो.

कोणाची वाट न बघता बाईने भट्टीवरचं उकळतं पाणी भांड्यात घेतलं, वाकली आणि डबीवर धार सोडली. एक भांडं, दोन भांडी, पाच भांडी. वाफ तिच्या तोंडावर येत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मार."

मी लाथ मारली. खटका पुढे केला. इंजन दबलं, कण्हलं, आणि पंखा फिरला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. हळूहळू वेग आला, फेस आला.  पहिली चादर मी रुळांतून पिळून काढली.

मोठे डॉक्टर परत फिरले. रुळांतून निघालेली चादर त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली, वास घेतला. खूश झाले. डॉक्टरिणीला म्हणाले, "मग ठेकेदाराची गरज नाही. यंत्रावर एक माणूस नेमून टाका." माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही या. सरकारी नोकरी आहे. यंत्राजवळ राहायला हवं, ही मागची खोली तुम्हाला देता येईल."

ती खोली बाईची होती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती रिकामं भांडं धरून उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. असंच होणार हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत असावं, आणि मी मूर्ख 'तुये हात, तुये हात' करत नाचत होतो.

"साहेब, यंत्र ही चालवते," मी म्हणालो. "मी फक्त दुरुस्तीले येतो."

"बाईमाणूस सुरू करेल हे?"

"रोज करते." आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी बोललो नव्हतो.

मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला, म्हणजे दाखवा. मी इंजन बंद केलं आणि बाजूला झालो. बाईने भांडं खाली ठेवलं. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. पेट्रोलची चावी तिने बरोबर तेवढीच फिरवली जेवढी मी फिरवायचो. पाय ठेवला आणि लाथ मारली. काही नाही. दुसरी. नुसती फुरफुर. मी दातांखाली ओठ धरला होता, तो फुटला ते मला नंतर कळलं. तिसऱ्या लाथेला तिचं अख्खं अंग त्या पायावर आलं आणि इंजन लागलं. तिने खटका पुढे केला. पंखा फिरला.

"ठीक," मोठे डॉक्टर म्हणाले. "या बाईंनाच राहू द्या."

ते निघाले, तशी बाई दोन पावलं त्यांच्या मागे गेली. "साहेब, एक अर्जी होती. हे यंत्र धुते, पर खंगाळणं, वाळवणं, घड्या घालणं मले एकटीलेच आहे. संगं एक बाई देता का? मी पाहून ठेवली हाय. ते तयार हाय."

मोठे डॉक्टर हसले. मनाचे वाईट नव्हते. "आता यंत्र आलं ना? मग दुसरी बाई कशाला?"

गाडीची वेळ झाली होती. सगळे गेले. हमालही गेले.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. मी पायरीवर बसलो. मग विचारलं, "तेल थिजते, हे तुले मालूम होतं?"

"तू भरलं तवाच."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

ती ओल्या चादरी टोपलीत भरत होती. "बंद पडावं असं वाटे मले," ती म्हणाली. "बंद पडलं तं साहेबाले दुसऱ्या बाईचं सांगता आलं असतं. दोघीनं मिळून झालं असतं सारं. ठेक्यापेक्षा सस्तं पडते, हे मी डॉक्टरीणबाईले बोलली बी होती. तुले बी बोलाले आली होती, यंत्र उतरवलं त्या दिवशी."

मला तो दिवस आठवत होता. तिचं वाक्य मी मध्येच तोडलं, तेही आठवत होतं.

"मंग आज तरी काऊन सांगितलं? चूप राहाची."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "लोक हासून राह्यले होते तुले," ती म्हणाली. "ते नाई पाह्यवलं."

मला रडू आलं. मी लपवलं नाही, लपवायला उरलं होतं काय! तिला मिळू शकणारे दुसरे दोन हात माझ्यामुळे गेले होते, आणि तेही तिने स्वतःच्या तोंडाने घालवले होते, मला कोणी हसू नये म्हणून. ती रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला सोसलं असतं.

गिरणीचा भोंगा झाला. मालकाने सकाळचीच सुट्टी दिली होती. मी उठलो नाही.

"बाई," मी म्हणालो, "मी काय करू?"

असा प्रश्न मी तिला त्याआधी कधी विचारला नव्हता. तिलाही तो नवा असावा. मग एक ओली चादर उचलून तिने तिचं एक टोक माझ्याकडे दिलं.

"हे धर," ती म्हणाली. "मातीले लागू देऊ नको."